तळ्यातले मातीचे साक्षीदार

ही हकीकत सांगायचं मी चाळीसहून जास्त वर्षं टाळलं. मागच्या हिवाळ्यात नगरपालिकेतले एक गृहस्थ जुन्या कमिटीच्या आठवणी टिपून घ्यायला घरी आले. निजामाच्या काळातल्या बीडच्या त्या लोकल फंड कमिटीवर असलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. रस्त्यावरच्या कंदिलांचं तेल, बाजाराची पट्टी, सराईचं गळकं छप्पर, सगळं मी त्यांना दोन तास सांगत होतो. जाता जाता त्यांनी विचारलं, "आणि पालीच्या रस्त्यावरचं तळं? तेही तुमच्याच वेळी उपसलं ना?" मी "हो" म्हणालो आणि आत चहा सांगितला. चहा येईपर्यंत विषय बदलला होता. ते गेल्यावर ठरवलं की आता लिहून ठेवायचं.

कमिटी कशी चालायची ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय माझी चूक कळणार नाही. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा वेगळा घेत. तो पैसा लोकल फंडाचा. त्यातून रस्ते, विहिरी, दवाखाना, सराई यांची कामं व्हायची. वर्षाच्या सुरुवातीला मवाजना, म्हणजे वर्षाच्या खर्चाचा अंदाज, तयार व्हायचा आणि त्यावर कमिटी बसायची. तहसीलदार अध्यक्ष. बाकीचे आम्ही नेमलेले सभासद: एक कापसाचे व्यापारी शेठ, दोन-तीन जमीनदार, आणि वकील म्हणून मी. कामकाज उर्दूत. मला उर्दू आणि मराठी दोन्ही चांगल्या येत, त्यामुळे सगळ्यांत लहान असूनही माझ्या बोलण्याला वजन होतं. ते मला आवडायचं, हेही लिहायला हवं.

कमिटी नावापुरती नव्हती. एकेका बिलावर अर्धा अर्धा दिवस वाद व्हायचा. शेठजी तर दवाखान्याच्या झाडूची किंमतसुद्धा विचारायचे. "मागल्या साली झाडू दोन आण्याला व्हता, आता तीन कावून? झाडूला बी दाढी फुटली का?" असं ते म्हणाले की तहसीलदारसाहेबही हसायचे, पण बिल परत जायचं.

मातीकामाची बिलं सगळ्यांत अवघड. खणलेली माती वाहून नेली की किती खोल खणलं हे कोण सांगणार? त्यासाठी वडारांची एक जुनी रीत होती. तळं खणताना ते मध्ये मध्ये मातीचे खांब न खणता तसेच सोडत. खांबाच्या माथ्यावर पूर्वीच्या जमिनीचं गवत असे. खांबाची उंची म्हणजे खणलेली खोली. त्यांना ते गवाह म्हणत, साक्षीदार. आदल्या वर्षी एका ठेकेदाराने अशा खांबांवर बाहेरून माती थापून, वर गवताची ढेकळं बसवून त्यांची उंची वाढवली होती. ते मी पकडलं. आणि मीच ठराव मांडला: दोन सभासदांनी मिळून गवाह मोजायचे, जागेवर सह्या करायच्या, आणि त्यानंतरच ते पाडायचे. मोजणीआधी गवाह पाडले गेले तर बिल डोळ्यांना दिसेल तेवढंच. ठराव एकमताने मंजूर झाला. तहसीलदारांनी माझी पाठ थोपटली. शेठजी म्हणाले, "वकीलसाब, आता तुमच्या कायद्यात तुमीच सापडू नका म्हंजे झालं."

पुढच्या उन्हाळ्यात पाली रस्त्यावरच्या तळ्याचं काम निघालं. बाजाराच्या दिवशी बाहेरगावची जनावरं तिथे पाण्याला थांबत, आणि तळं गाळाने इतकं भरलं होतं की फाल्गुनातच चिखल व्हायचा. काम शिरूरकडून आलेल्या वडारांच्या एका टोळीला दिलं. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, उंच, एका कानात बाळी. बोलायला कमी. पंचवीस-तीस माणसं आणि तेवढीच गाढवं घेऊन त्याने तळ्याकाठी पालं टाकली आणि दोन महिने ती माणसं खणत होती. मोजणीसाठी कमिटीने मला आणि शेठजींना नेमलं होतं.

काम संपलं तेव्हा कापसाच्या एका व्यवहारासाठी शेठजी बाहेरगावी होते. चार दिवसांत येतो, मग मोजू, असा त्यांचा निरोप होता. एवढ्यात खबर आली की तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मोठे हाकीम, दौऱ्यावर निघालेत आणि परवा सकाळी ते तळं बघायला येणार. तहसीलदारांनी मला बोलावून सांगितलं, "वकीलसाब, तळं आपल्या कमिटीची शान आहे. नीट दिसलं पाहिजे."

मी तळ्यावर गेलो. काठावरच्या दगडांना चुना लावून घेतला. मग खाली पाहिलं. स्वच्छ, सपाट तळ, आणि मधोमध बारा मातीचे खांब, डोक्यावर वाळकं गवत घेऊन उभे. मला ते दाढ्या वाढलेल्या माणसांसारखे दिसले. मुकादमाला हाक मारून म्हणालो, "हे खांब पाडून टाका. साहेबांना तळं साफ दिसू दे."

तो म्हणाला, "मालक, मोजल्याबगर गवाह पाडत न्हाईत आमी."

"मी मोजतो ना."

"शेठजी बी पाहिजेत न्हव? दोघं मोजणार म्हणून सांगिटलं व्हतं."

"ठराव कुणाचा आहे? माझाच. मी कमिटीत सांगतो."

तो जागचा हलला नाही. त्याची बायको टोपली डोक्यावरून उतरवून म्हणाली, "कागुद लिवून द्या म्हणावं." त्याने तिला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगून गप्प केलं. मला राग आला. मी माझी काठी घेऊन खाली उतरलो आणि बाराच्या बारा खांबांना लावून बघितली. कुठे चार हात, कुठे चार हात चार बोटं. वहीचा कागद नव्हता, म्हणून एका दाव्याच्या कागदामागे पेन्सिलीने आकडे लिहिले आणि कागद कोटाच्या खिशात ठेवला.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"वकीलसाब म्हणत्यात तर झालं," तो म्हणाला आणि त्याने स्वतः पहिल्या खांबावर कुदळ मारली.

तालुकदारसाहेब आले, खुश झाले. काठावर उभे राहून त्यांनी माझं नाव विचारलं. त्याच संध्याकाळी तहसीलदारांनी कानात सांगितलं की कमिटीच्या उपाध्यक्षाची जागा मोकळी होते आहे आणि साहेबांच्या मनात मी आहे.

आठ दिवसांनी बैठक झाली. तळ्याचं बिल वाचलं गेलं: खोली चार हात. शेठजींनी चष्मा पुसला.

"गवाह कुठं हायत?"

पेशकार, म्हणजे कमिटीचा कारकून, म्हणाला, "पाडलेत, शेठजी."

"पाडलेत? मी तर मोजले न्हाईत. कुनी पाडले?"

मुकादम दाराशी उभा होता. बिलाच्या दिवशी ठेकेदाराने हजर राहायचं, अशीही आमची रीत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळे शेठजींकडे बघत होते, म्हणून त्याने कुणाकडे पाहिलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"आमीच पाडले," तो म्हणाला. "वकीलसाब आलते तवा."

शेठजी हसले. "बघा, चोरानं साक्षीदार मारला आन् आता वकील बी बोलावलाय."

काहीजण हसले. तहसीलदार माझ्याकडे वळले. "वकीलसाब, आप क्या बोलते? आप गये थे?"

मी काय बोलायचं ते मला नक्की माहीत होतं. कागद खिशातच होता, तोच कोट अंगात होता. पण बोललो असतो तर सांगावं लागलं असतं की ज्याने कायदा केला त्यानेच तो मोडला, आणि साहेबांसमोर तळं चकचकीत दिसावं म्हणून मोडला. उपाध्यक्षाची जागा गेली असती. शेठजींना पुढे वर्षभर पुरेल इतका विषय मिळाला असता. हे सगळं मनात यायला एक श्वास लागला असेल.

मी म्हणालो, "तळ्यावर गेलो होतो. व्यवस्था बघायला. मोजणी झालेली नाही. कायदा सगळ्यांना सारखा."

मुकादम म्हणाला, "वकीलसाब, तुमी काठी लावली व्हती की. कागदावर लिवलं बी."

मी पेशकाराकडे बघून म्हणालो, "पुढचं बिल घ्या."

डोळ्यांना दिसेल तेवढं, म्हणजे काठाच्या उतारावरून दोन हात, असं धरून बिल अर्ध्यावर आणलं. पेशकाराने नोंद केली: गवाह मोजणीपूर्वी पाडल्याचे आढळले, सबब निम्मी रक्कम मंजूर. मी सही केली. शेठजींनीही केली. त्यांना मी कधी दोष दिला नाही. जे डोळ्यांसमोर होतं त्यावरून ते बोलले, आणि कमिटीचा पैसा त्यांनी राखला. कमिटीने तिचं काम चोख केलं. त्या खोलीत खोटं बोलणारा मी एकटाच होतो.

मुकादमाने दाराबाहेर पागोटं सोडून पुन्हा बांधलं आणि गेला. ओरडला नाही. पुढचं मला दवाखान्याच्या शिपायाकडून कळलं. टोळीतल्या माणसांना अर्धी मजुरी मिळाली तेव्हा त्यांनी मुकादमालाच धरलं. कमिटीने पुरे पैसे दिले आणि यानेच मधले खाल्ले, असं त्यांना वाटलं. त्याने चौदा गाढवं विकून सगळ्यांची मजुरी चुकती केली. तरी टोळी फुटली. लोकल फंडाच्या यादीतून त्याचं नाव खोडलं गेलं. खोडणारा उपाध्यक्ष मी.

त्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. आदल्या वर्षी जिथे म्हशींच्या गुडघ्याला पाणी लागायचं तिथे आता त्यांची फक्त शिंगं दिसत. एका बाजाराच्या दिवशी शेठजी तिथून आले आणि मला म्हणाले, "वकीलसाब, दोन हातांत म्हैस बुडती व्हय?" मी हसलो. ते हसले नाहीत. मला वाटतं त्यांना कळलं होतं. जुनं बिल फेरतपासणीला काढायचा अर्ज मी एकदा लिहिलाही. नियमात बसत होतं. अर्जात कारण लिहावं लागतं. मी तो फाडला.

उपाध्यक्ष म्हणून मी अकरा वर्षं काम केलं. माझ्या वेळी कमिटीत एका पैशाचा घोळ झाला नाही, असं आजही लोक सांगतात. ते खरं आहे. मी प्रत्येक मातीकामावर स्वतः जायचो आणि गवाह पाडायच्या आधी दोघांच्या सह्या झाल्यात का, ते बघायचो. नवे सभासद त्याला शिस्त म्हणत.

पुष्कळ वर्षांनी एका दाव्याच्या निमित्ताने तेलगावला गेलो होतो. तिथे एका शेतात विहिरीचं काम चाललं होतं आणि बाभळीखाली एक म्हातारा बसून दोघा-तिघांना हुकूम सोडत होता. कानातली बाळी ओळखली. त्याने मला आवाजावरून ओळखलं. डोळे गेले होते.

"वकीलसाब का? बसा की."

एका पोराला हाक मारून त्याने माझ्यासाठी घोंगडं टाकायला लावलं. मला ज्वारीची भाकरी आणि ठेचा देऊ केला. मी खाल्लं. दावा काय, बीडला पाऊस कसा, शेठजी हायत का, असं विचारत राहिला. शेठजी वारले, असं मी सांगितलं. "लई हुशार मानूस," तो म्हणाला. मग विचारलं, "तळ्याला पाणी टिकतं का हो?"

"टिकतं," मी म्हणालो. "वैशाखापर्यंत टिकतं."

"टिकनारच. चार हात हाय ते."

बोलायची वेळ तीच होती. त्याची बायको भाकरी थापत तीन हातांवर बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला सगळं आठवत होतं, हे दिसत होतं. माफीचं वाक्य माझ्याजवळ बैलगाडीतून येताना नव्हतं, पण त्या बाभळीखाली तयार झालं होतं. मी पाणी प्यालो, काठी उचलली आणि विहिरीचं काम बेताने करा, दरड ढिली दिसते, असं काहीतरी बोलून उठलो. तो म्हणाला, "या पुना." दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं. त्याच्या बायकोकडे जायलाही मला जमलं नाही, आणि मग तीही गेली.

तो पेन्सिलीचा कागद अजून माझ्या पेटीत आहे. आकडे पुसट झालेत, पण वाचता येतात. त्याखाली मी आता शाईने ते वाक्य लिहून ठेवलं आहे: मुकादम, गवाह मी पाडायला लावले, मोजलेही मीच, आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, मला माफ करा.