कवळी आणि दातेरी चाक

“कशाचं बनलंय ते सोडा. करतं काय, ते सांगा.” असं म्हणताना आमचे आयातवाले साहेब समोरच्या टेबलावर बोटाचं पेर दोनदा वाजवत. बदलापुरात कात्रपला त्यांच्या सोसायटीच्या चेअरमननी दारावर पितळेची भलीमोठी पाटी लावली, तेव्हा तिच्यावरही पेर वाजवून त्यांनी हेच विचारलं. चेअरमन बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

अंबरनाथला आमच्या प्लास्टिक पिशव्यांच्या कारखान्यात ते आयातीचं काम बघायचे आणि मी हिशेबाचं. परदेशातून आलेला सुटा भाग कस्टमच्या दरपत्रकात कुठल्या प्रकरणात बसतो, त्यावर त्याची ड्यूटी ठरे. तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांना नियम तोंडपाठ असतात आणि ऐकणारा मिळत नाही. यांना मी मिळालो होतो. माझ्या डब्यातली भाजी संपायची, त्यांचं प्रकरण संपायचं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पिशव्या कापायचं मशीन बंद पडलं. त्यातलं नायलॉनचं दातेरी चाक झिजलं होतं. नवी चाकं मागवली, ती गोदीत अडकली. कस्टमचं म्हणणं, नायलॉन म्हणजे प्लास्टिक, तेव्हा प्लास्टिकच्या वस्तूंची ड्यूटी भरा. मशीनच्या भागांना ती बरीच कमी होती. इकडे उल्हासनगरच्या कॅम्प तीनचे जीन्सवाले पिशव्यांसाठी रोज माणूस पाठवत होते.

“इतनी ड्यूटी भरने से तो मशीन भंगार में दे दूँगा, साईं,” कारखान्याचे सिंधी शेठ म्हणाले, आणि शेठ नुसते बोलणाऱ्यांतले नव्हते.

पॅकिंगच्या बायका रोजंदारीवरच्या. त्यांना घरी बसवलं होतं. त्यातल्या वांगणीकडच्या एक मावशी तरीही रोज गेटवर येऊन विचारून जायच्या, “झाली का चालू?”

शेठनी मुंबईचे एक बडे सल्लागार नेमले. कस्टमच्या सुनावणीत ते “तत्त्वतः” म्हणून थांबायचे आणि पुढे तत्त्व काही यायचं नाही. त्यांच्या जाडजूड चामडी बॅगेत, नंतर कळलं, मुख्यतः जेवणाचा डबा होता.

शेवटी आमच्या माणसाला राहवेना. त्यांनी तोंडातली कवळी काढली आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. “हेही प्लाश्टिकच शायेब. मग हे काय, बादली?”

अधिकारी जराही हलले नाहीत. “तोंडात आहेत तोवर दात. टेबलावर ठेवलेत की प्लास्टिक.”

सगळ्यांत आधी हसले ते हेच, बोळकं उघडं टाकून. हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मग कवळी बसवून, रुमालाने ओठ टिपून ते म्हणाले, “ठीक. मग आमचं चाकही तोंडात बघायला या. अंबरनाथला.”

आणि अधिकारी खरोखर आले, नमुन्याचं एक चाक बरोबर घेऊन. फिटरने ते बसवलं. मशीन दोन गचके खाऊन चालू झालं आणि पिशव्या पडू लागल्या. अधिकाऱ्यांनी एक उचलली, फुंकर मारून उघडली, आत डोकावून पाहिलं. आत काय दिसणार होतं कुणास ठाऊक.

तेवढ्यात मावशी आत आल्या. शेठना सोडून त्या थेट अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, बहुधा त्यांचाच शर्ट सगळ्यांत कडक इस्त्रीचा होता म्हणून. “सायेब, मंग उद्यापासून येऊ ना आमी कामाला?”

अधिकारी गोंधळले. त्यांनी शेठकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं.

“या,” ते म्हणाले.

चाक मशीनचाच भाग, असा सही-शिक्क्याचा हुकूम यथावकाश आला. निकाल लागला तो इथेच.

आता आमचे आयातवाले साहेब नाहीत. मला ते दिसतात ते त्याच दुपारचे. अधिकाऱ्यांचा चहा होईपर्यंत मशीन चालूच ठेवलं होतं, मावशी बाकीच्या बायकांना सांगायला गेल्या होत्या आणि पिशव्या गोळा करायला कुणीच नव्हतं. मग आयात खात्याचे हे साहेब पँट सावरून खाली बसले आणि गठ्ठे रचू लागले. गठ्ठे सगळे वाकडे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांनी ते हसत हसत पुन्हा लावले.