भाऊजी पाइपात शिरले तेव्हा

आमच्या कारखान्यात मेहुणा एकच, पण भाऊजी मात्र सगळ्यांचे. पाइप फिरवणाऱ्या रोलरचं बटण सांभाळणारा तो मेहुणा त्यांना "भाऊजी" अशी हाक मारायचा. ऐकून ऐकून वेल्डर तसंच म्हणायला लागले, मग गेटवरचे, शेवटी मॅनेजरही. बायकोचे इतके भाऊ बघून दुसरा एखादा पळून गेला असता. भाऊजी खूश होते.

गॅसच्या लाइनीसाठी आम्ही पाइप बनवतो. कागदाची पुंगळी वळावी तसा पोलादी पट्टा तिरका वळत जातो आणि कडेला कड भिडते तिथे आतून-बाहेरून वेल्डिंग होतं. असा सांधा पाइपाच्या अंगावर गोल जिन्यासारखा चढत जातो. तो आतून तपासायला माणूस लागतो. चाकांच्या फळीवर पालथं पडायचं, डोक्याला दिवा, हातात खडू, आणि सरकत राहायचं. हे काम भाऊजींचं. "गॅसच्या आधी मी जातो," हे ते मंत्र्याच्या गाडीपुढे धावणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या ऐटीत सांगायचे.

मग अरुंद पाइपांची ऑर्डर आली. इकडे भाऊजी रुंद होत चाललेले. मॅनेजरने फर्मान काढलं: जो माणूस एका तोंडातून आत जाऊन दुसऱ्या तोंडातून बाहेर येईल, तोच आतला तपासनीस. बाकीच्यांनी रंगकामाला जायचं.

माझं डोकंच फिरलं. युनियनच्या वतीने जाऊन मी त्याच्या टेबलावर हात आपटला. "उभा जन्म आत रांगलेल्या माणसाला न बघताच बाद करता? परीक्षा घ्या!"

"घेतो," मॅनेजर म्हणाला. इतक्या पटकन, की माझा हात उगाचच दुखला असं वाटलं.

घरी बायकोने भाऊजींचं जेवण निम्मं केलं. त्यांनी तिचं मन राखलं आणि उरलेलं निम्मं कँटीनमध्ये खाल्लं.

परीक्षेला अख्खी पाळी जमली. भाऊजी फळीवर पालथे झाले, "येतो" म्हणाले आणि आत सरकले. मधोमध चाकांचा आवाज थांबला.

"काय झालं?" मी पाइपात तोंड घालून ओरडलो.

"सांधा बघतोय."

बराच वेळ गेला. "अजून तोच सांधा?"

"फार छान आहे हो. इथून निघवत नाही."

मेहुण्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "कमरेच्या पट्ट्याचं बक्कल बाजूला सरकून सांध्याच्या उंचवट्याला अडकलंय! भाऊजी, हलू नका. पाइप म्हणजे नट, तुम्ही बोल्ट. फिरवून काढतो."

"गाढवा, तुझ्या ताईचा तरी विचार कर!"

मी "थांब" म्हणेपर्यंत त्याने बटण दाबलं. पाइप सावकाश फिरू लागला. भाऊजींचा आवाज एकदा छताकडून यायचा, एकदा जमिनीकडून.

"उलटा फिरव, मूर्खा, उलटा!"

"आता उलटेच आहात, भाऊजी!"

मागे यायचं सोडून ते पुढे पुढे सरकत गेले. दुसऱ्या तोंडातून आधी दिवा बाहेर आला, मग भाऊजी. पँट बक्कलासकट आतच राहिली.

मी लगेच मॅनेजरला गाठलं. "एका तोंडातून गेले, दुसऱ्यातून आले. पास!"

"पँट नाही आली."

"तुमच्या फर्मानात माणूस म्हटलंय. पँटचा उल्लेख दाखवा."

"पास," मॅनेजर पुटपुटला. भाऊजींनी मेहुण्याचा एप्रन ओढून कमरेला गुंडाळला. "साहेब, जरा मोठ्याने सांगा. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

"भाऊजी पास!" मॅनेजर ओरडला. टाळ्या पडल्या.

"झालं तर मग," भाऊजी म्हणाले. "आता मला रंगकामाला टाका."

मी भडकलो. "अहो, मी तुमच्यासाठी एवढा भांडलो—"

"मला नापास म्हणू नये म्हणून भांडलात ना? कुणी म्हटलं का? पुन्हा आत जायचं कुठे ठरलं होतं?"

मी हात आपटायला टेबल शोधू लागलो.

"मग आत जाणार कोण?" मेहुण्याने विचारलं.

भाऊजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोरगा काडीसारखा.

"आधी माझी पँट घेऊन ये," ते म्हणाले. "जाता जाता सांधाही बघून घे."