तो रोज येऊन बसायचा

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला चहा मीच दिला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला कंपनीची सॅक, पायांत जाड बूट. वाळूजहून ड्यूटी करून आलेला माणूस आहे हे बघताक्षणी कळत होतं. त्यानं चहाबरोबर नाचणीची बिस्किटं मागवली, कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसून सावकाश खाल्ली, पैसे दिले आणि "छान होतं, ताई" म्हणून गेला. मला तो बरा माणूस वाटला. उष्टा कप घेऊन मी आत गेले, तर ब्रेड करणारी आमची सोबतीण भट्टीशेजारी भिंतीला टेकून उभी होती. हातातला गरम ट्रे तिनं अजून खाली ठेवला नव्हता.

"गेला का?" तिनं विचारलं.

कोण ते आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून आलं. तो तिचा नवरा होता.

आमची बेकरी औरंगपुऱ्यात, दुकानांच्या दाटीतल्या एका गल्लीत होती. मागं भट्टी, पुढं पाच-सहा टेबलं. मैदा नाही, साखर नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, कोंड्यासकट गहू आणि गूळ, एवढ्यावर आमचं सगळं चालायचं. सकाळी ब्रेड आणि बिस्किटं, दुपारी भाकरी-पिठलं, संध्याकाळी पुन्हा बिस्किटं. दुकान कुणा एकाचं नव्हतं. आम्ही दहा-अकरा बायकांनी मिळून सहकारी संस्था काढली होती आणि सगळ्याच मालक होतो. दर सोमवारी शटर अर्धं ओढून बैठक व्हायची. काय करायचं, किती करायचं, कुणी कुठं उभं राहायचं, सगळं तिथं हात वर करून ठरायचं. संस्था उभी केली ती अक्कानं. ती आमच्यात सगळ्यात वडील होती, पण तिचाही हात एकच मोजला जायचा. मी शेतकऱ्याच्या घरातली, बी.कॉम. होऊन नोकरी शोधत शहरात भावाकडं राहिलेली. माझ्याकडं काउंटर होतं.

त्या दिवशी भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडं ब्रेड होता. ती संस्थेत आली तेव्हा आम्ही तिला वहिनी म्हणायचो. पावसाळ्यात एक दिवस ती कपड्यांची पिशवी घेऊनच कामावर आली. भुवईवर टाके होते. कुणी काही विचारलं नाही. अक्कानं तिला आपल्या घराशेजारची खोली बघून दिली. मुलगी तिनं फर्दापूरजवळच्या गावी आईकडं ठेवली होती, तिला भेटायला ती एसटीनं जायची. त्या आठवड्यात तिनं आम्हाला एकच गोष्ट सांगितली, आता वहिनी म्हणू नका. मग आम्ही तिला ताई म्हणू लागलो.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच.

त्याच्या शिफ्ट आम्हाला पाठ झाल्या. पहिली पाळी असली की तो दुपारनंतर यायचा, दुसरी असली की सकाळी कामावर जायच्या आधी. रात्रपाळीच्या आठवड्यात तर आम्ही शटर उघडायला आणि तो तांबारलेल्या डोळ्यांनी गल्लीत मोटारसायकल लावायला एकच गाठ पडायची. तो कुणाशी भांडला नाही, कुणाला वावगं बोलला नाही. चहा घ्यायचा आणि बसायचा. काउंटर आणि भट्टी यांच्यामध्ये ट्रे द्यायला एक खिडकी होती. तो नेमका असा बसायचा की त्या खिडकीतून आतलं त्याला दिसावं.

आम्ही खिडकीला पडदा लावला. तिनं तो दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. पडदा असला की तो कुठं बसलाय, उठला का, कळत नाही आणि जास्त धास्ती वाटते, असं ती म्हणाली. तेव्हापासून ती भट्टीवर काम करायची ते एक डोळा खिडकीकडं ठेवून. कुणाच्या हातून वाटी पडली तरी दचकायची. हळूहळू आम्हीही तशाच झालो. गल्लीत मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की आत बोलणं बंद व्हायचं.

बाहेरच्या लोकांना यातलं काही माहीत नव्हतं. एक निवृत्त शिक्षक रोज दुपारी भाकरी खायला यायचे. त्यांना साखरेचा आजार होता. आम्ही सगळ्या त्यांना सर म्हणायचो. सरांची आणि त्याची चांगली ओळख झाली. कंपनीत काय बनतं, कॅन्टीन कसं आहे, असं सर विचारत आणि तो अदबीनं उत्तरं देई. मला ते ऐकवत नसे. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर निदान लोकांना दाखवता तरी आलं असतं.

अक्का एकदा त्याच्या टेबलापाशी जाऊन बोलली. तो उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला की मी फक्त चहा प्यायला येतो, त्यात काही चूक असली तर सांगा. अक्का तशीच परत आली. मग मी आणि अक्का तिला घेऊन पोलिसांत गेलो. तिथल्या हवालदार बाई भल्या होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं, त्याला बोलावून समज दिली. तो काही दिवस आला नाही. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग तो आला. चहाचे पैसे देताना काउंटरवर थोडा वाकला आणि हळूच म्हणाला, "पोलिसांत जायची काय गरज होती, ताई? मी कुणाला काही म्हणतो का?" सुटे पैसे त्यानं नीट मोजून खिशात टाकले. "तुम्ही टीव्ही सेंटरला राहता ना? भावाकडं?"

मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही. त्या दिवशी मी घरी जाताना दोन रिक्षा बदलल्या. भावाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी मला कामावर जाऊ दिलं नसतं.

पण बैठकीत मी ते सांगितलं. सांगितल्यावर सगळ्या घाबरल्या. एकजण म्हणाली, आज हा एकटा येतो, उद्या चार माणसं घेऊन येईल. दुसरी म्हणाली, दुकानाचं नाव खराब झालं तर आपण सगळ्याच घरी बसू. मग अक्कानं ताईकडं वळून सुचवलं की तू महिनाभर आईकडं जाऊन राहा, लेकीजवळ. त्याचं डोकं थंड होऊ दे, तुझा पगार चालू ठेवू, जागा तुझीच राहील. अक्का मायेनंच बोलत होती. बऱ्याच जणींनी माना हलवल्या.

ती परातीतलं पीठ खरवडत बसली होती. तिनं वर बघितलं.

"सुट्टी मी का घ्यायची?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तो येतो म्हणून मीच निघून जायचं असंल, तर मग घर सोडून इथं आले कशाला?"

शेवटी अक्कानंच म्हटलं की हात वर करू. तिनं सुट्टीवर जावं म्हणणारे हात कमी पडले, पण फार कमी नव्हते. अक्काचा हात त्यांतच होता. मी तिच्या बाजूनं हात वर केला. मग प्रश्न आला की ती जाणार नसेल तर करायचं काय. ठरलं असं की त्याला इथून पुढं काही द्यायचं नाही. चहा नाही, पाणी नाही. सगळ्या लगेच तयार झाल्या. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे त्याला सांगायचं कुणी, तर काउंटरवरच्या बाईनं.

त्याची पहिली पाळी होती. दुपारी तो आला, नेहमीसारखं हसला आणि चहा मागितला. मी काउंटरची कड घट्ट धरली होती.

"तुम्हाला इथं चहा मिळणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"आमचं ठरलंय."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं."

तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग कोपऱ्यात जाऊन बसला. रिकामं टेबल, त्यावर दोन्ही हात. अर्धा-पाऊण तास झाला तरी हलला नाही. सर शेजारी भाकरी खात होते. त्यांच्या ध्यानात आलं की याच्यासमोर काहीच नाही. त्यांनी मला हाक मारून विचारलं, यांचा चहा का आणला नाही. मी सांगितलं, देता येणार नाही. सरांना ते आवडलं नाही. रोजचं गिऱ्हाईक आहे, सभ्य माणूस आहे, ही काय रीत झाली, असं ते मोठ्यानं म्हणाले. बाकीच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली.

"राहू द्या सर," तो म्हणाला. "घरगुती मामला आहे. बायको आत काम करते. रुसलीय माझ्यावर."

दोन-तीन माणसं हसली. वाईट मनानं नव्हे, नवरा-बायकोच्या रुसव्यावर हसतात तशी.

खिडकीपलीकडं ट्रे ठेवल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली. अंगावर पिठानं भरलेला एप्रन, कपाळावर घाम. मला वाटलं ती मला काही सांगायला येतेय, पण ती माझ्यासमोरून गेली आणि त्याच्या टेबलाशी, त्याच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसली.

"रुसले नाय मी," ती म्हणाली. "बोला."

तो गडबडला. इतके दिवस बसत होता, पण ती समोर येऊन बसेल हे त्याच्या मनात आलं नसावं. बाहेर चल, बाहेर बोलू, असं तो म्हणाला.

"बाहेर नाय. तुम्ही रोज इथं येऊन बसता. आज मी पण बसले. काय बोलायचं ते इथंच बोला."

"लोक बघायलेत."

"व्हय. बघू द्या."

तो पुढं झुकून अगदी हळू काहीतरी बोलला. मी चार पावलांवर होते, मलाही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "यांना ऐकू नाय आलं." मग तिनं भुवईवर बोट ठेवलं. "आणि हे कशानं झालं, ते सरांना सांगा. तुमची ओळख आहे ना त्यांची."

सरांच्या हातातला घास तसाच राहिला. तो टेबलाकडं बघत होता. त्याची मान लाल झाली होती. तेवढ्यात तो असा उठला की खुर्ची मागं पडली, आणि त्याचा उजवा हात वर गेला. किती वर गेला, कशासाठी गेला, यावर आमच्यात पुढं खूप वाद झाले. मला विचाराल तर तो मारायलाच उठला होता. ती जागची हलली नाही. तिनं डोळे तेवढे मिटून घेतले, आणि त्यावरून तिथल्या प्रत्येकाला कळलं की हे तिला नवीन नाही.

मी मोबाईल हातात घेऊन काउंटरबाहेर आले होते. मागून अक्का आली, तिच्यामागं बाकीच्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या हाताला बेसन. अक्का त्याच्या आणि तिच्या मधे जाऊन उभी राहिली. त्यानं हात खाली घेतला. सॅक उचलली आणि गेला. मोटारसायकल सुरू होईना, दोन-तीनदा किक मारल्याचा आवाज येत होता, आणि तेवढा वेळ आम्ही सगळ्या दाराकडं बघत तशाच उभ्या होतो.

ती आत गेली आणि पिठाच्या पोत्यावर बसली. भट्टीतला ब्रेड करपून गेला होता, त्याचा वास सगळीकडं पसरला. अक्कानं तिला पाणी दिलं. तिला ग्लास धरता येईना, म्हणून अक्कानंच तो तिच्या ओठांना लावला.

हे सगळं तिथंच मिटलं असं नाही. पुढचे काही दिवस तो गल्लीच्या तोंडाशी उभा दिसायचा. आत मात्र आला नाही. आम्ही एकटीदुकटी जाणं बंद केलं. मी भावाला सगळं सांगून टाकलं. तो संध्याकाळी मला घ्यायला येऊ लागला. गावाकडून वडिलांचा फोन आला की ती नोकरी सोड. मी त्यांना नंतर बघू म्हणाले. हवालदार बाई कधीमधी गणवेशातच भाकरी खायला यायच्या, आणि त्या बसल्या की आम्हाला जेवण जायचं. त्या दिवशीचा प्रसंग बघितलेल्या दोन गिऱ्हाइकांनी पोलिसांत जबाब दिला. सरांनी दिला नाही. ते बरेच दिवस आलेच नाहीत. मग एक दिवस आले, भाकरी खाल्ली, तिची विचारपूस केली आणि खाली मान घालून गेले. तिनं त्यांना आतूनच नमस्कार केला.

प्रकरण कोर्टात गेलं. तारखा पडत राहिल्या. पुढं त्यानं वाळूजची नोकरी सोडून दुसऱ्या शहरात काम धरलं असं कळलं, आणि मग एकदाचा त्यांचा काडीमोड झाला. मुलगी आता तिच्याजवळ असते, इथल्या शाळेत जाते. मी मधल्या काळात एका कॉलेजच्या ऑफिसात लागले, पण बेकरीत जाणं सुटलेलं नाही.

मागं एका दुपारी मी भट्टीपाशी तिच्याजवळ बसले होते. तिला विचारलं की त्या दिवशी तुला भीती नव्हती का वाटली. ती घाबरली नव्हती असंच मला वाटत आलं होतं. ती कशी शांतपणे जाऊन बसली, हे मी कितीतरी जणांना सांगितलेलं.

"लई वाटली," ती म्हणाली. "पाय लटलट कापत होते. उभं राहून बोलता आलंच नसतं, म्हणून तर बसले."