भेंडपाड्याचा नकाशा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोऱ्या साहेबाची माणसं समुद्राकाठी मोजणीला येणार, अशी आवई उठली. मोजणी म्हणजे वेठ, फुकटची हमाली, हे भेंडपाड्याला पुरतं ठाऊक. तेव्हा चैत्याच्या आजोबाने शक्कल लढवली. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, चुलीचे दगडसुद्धा उचलून अख्खा पाडा जंगलात पसार! मोजणीवाले आले, तर भुंकायला कुत्रंही नाही. ही फजिती लग्नात ताडी चढली की आजही रंगवून सांगतात, आणि सांगायचा मान चैत्याचा.

पुढे सैन्याने तो किनारा गोळीबाराच्या सरावाला घेतला आणि परतलेल्या पाड्याला गंजाडच्या बाजूला हुसकावलं. सैन्य केव्हाच गेलं. जमीन परत मागता येईल म्हणतात. अट एकच, तिथे वस्ती होती असा त्या काळचा सरकारी कागद हवा. त्या कागदापायी चैत्याचं अर्धं आयुष्य कचेरीच्या पायऱ्यांवर गेलं. साहेब बदलत, आणि हा भला माणूस नव्या साहेबाला तेच गाऱ्हाणं नव्याने ऐकवी.

अखेर जमिनीसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तुषारने त्याच मोजणीवरून केलेला सैन्याचा जुना नकाशा मिळवला आणि डहाणूला टेबलावर पसरला. खाडी, ओढा, खडक, एकटा उभा ताडसुद्धा त्यात होता. मोजणाऱ्याने काही म्हणता काही सोडलं नव्हतं.

"आपला पाडा कुठं हाय?" चैत्याने विचारलं.

तुषारने ओढ्याच्या वळणावर बोट ठेवलं. तिथे कागद कोरा होता.

"काका, इथे वस्ती दाखवलेलीच नाही. म्हणून तर त्यांनी हीच जागा निवडली."

"दुसरा नकाशा नाय?"

"नाही. हाच होता."

चैत्याला आजोबाचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. बिचाऱ्याने वेठ चुकवली, आणि तिच्याबरोबर गावही घालवलं.

घरी सगळा पाडा ओटीवर जमला होता. बायकोने, सुकीने, पुढे होऊन विचारलं, "दिसला का आपला पाडा?"

खरं सांगावं, तर ज्याच्या नावाने पाडा दर हंगामाचं नवं धान्य आधी नैवेद्याला ठेवतो, तो आजोबाच गुन्हेगार ठरणार. चैत्याची जीभ रेटेना.

"नकाशा सापडला नाय," तो म्हणाला.

"मग सापडंल," सुकी म्हणाली. "तू जात रहा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमवारी सुकीने भाकरी बांधून दिली, आणि चैत्या पुन्हा कचेरीकडे निघाला.