नारोपंतांचा चेहरा

मेलेल्या माणसांच्या मागे इतका हात धुऊन लागलेला जिवंत माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांची उभी हयात जमीनमोजणीच्या खात्यात गेली. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत अण्णांची साखळी पडली नाही असा बांध शोधून सापडणार नाही. बारामतीहून इंदापूर किती लांब असं कोणी सहज विचारलं, तर "स्टँड ते स्टँड, की कचेरी ते कचेरी?" असा उलटा प्रश्न येतो आणि विचारणारा ओशाळतो. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, गुडघ्यांविषयी बोलतात, नातवंडांना शाळेत सोडतात. अण्णाही बागेत गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी फिरायच्या रस्त्याची लांबी पावलांनी मोजली, ती पाटीवर लिहिल्यापेक्षा कमी भरली, आणि त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत. मग त्यांना नारोपंत भेटले.

भेटले म्हणजे, वारून सव्वाशे वर्षं होत आलेले गृहस्थ, ते कुठं भेटणार? एका फोटोच्या पाठीमागे भेटले. अण्णांच्या चुलत्यांच्या घरी रंगकाम निघालं होतं. भिंतीवरची जुनी तसबीर उतरवताना मागचा पुठ्ठा सुटला आणि आतल्या जाड कार्डावर जांभळा ठसा दिसला: 'नारो सखाराम पोतदार, तसबिरी काढणार, इंदापूर.' बाकीच्यांनी तसबीर पुसून बाजूला ठेवली. अण्णांनी ठसा वाचला आणि म्हणाले, "हा कोण?" एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी अकरा वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी माझ्या गाडीतून काढली, कारण त्यांना गाडी येत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही.

नारोपंतांनी काढलेला फोटो ओळखायला ठसा लागत नाही, हे अण्णांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. नारोपंतांकडे खुर्ची एकच, उजव्या हाताचा कोरीव गोंडा तुटलेली. गोल टेबल एक, त्यावर कागदी फुलं आणि एक जाडजूड पुस्तक. गिऱ्हाईक मामलेदार असो, सावकार असो, नाहीतर जन्मात अक्षर न गिरवलेला पाटील असो, त्यानं त्या खुर्चीत बसायचं आणि पुस्तकावर हात ठेवायचा. उपरणं नसेल तर नारोपंत देत. खिशातलं घड्याळही देत. सतरा जणांच्या हातात ते एकच घड्याळ उघडं आहे आणि सतराही ठिकाणी चार वाजून दहा मिनिटं झालेली आहेत. "घड्याळ बंद असणार," अण्णा भिंगातून बघत गंभीरपणे म्हणाले, "नाहीतर सगळे एकाच वेळी कसे येतील?" मी हसलो, तर हसण्यासारखं काय झालं ते त्यांना कळेना. तात्पर्य काय, तर आमच्या भागात ज्या ज्या दिवाणखान्यात 'आमचे खापरपणजोबा, मोठे विद्वान' म्हणून तसबीर लागली आहे, त्यांतल्या बऱ्याच विद्वानांचं पुस्तक, उपरणं आणि घड्याळ एकाच पत्र्याच्या पेटीतलं आहे. बरं, हे कळल्यावर गप्प बसावं की नाही? बारामतीतल्या एका नावाजलेल्या वकिलांना अण्णांनी त्यांच्याच घरी, त्यांच्याच चहाचा घोट घेत सांगितलं, "तुमच्या पणजोबांनी पुस्तक उलटं धरलंय." वकीलसाहेब अजून आम्हाला ओळख दाखवत नाहीत. मी रागावलो, तर अण्णा म्हणाले, "मोजणीत एकदा खोटं बोललं की बांध कायमचा सरकतो."

कोणाच्याही घरी गेले की अण्णांची नजर आधी भिंतीवर. खांद्याच्या पिशवीत भिंग, मऊ कुंचला, पकड आणि बारीक खिळ्यांची डबी. माझ्या पुतणीसाठी माळेगावला स्थळ बघायला गेलो होतो. मंडळी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येतात तो हे दिवाणावर उभे, मुलाच्या पणजोबांना उलटं धरून. मुलाचे वडील गडबडले. "काय बघताय अण्णा?" "खिळे," अण्णा म्हणाले. मी जमिनीकडे बघितलं. पण मुलाकडच्यांचा समज झाला की ही माणसं घराणं फार बारकाईनं बघतात. त्यांचा आमच्याविषयीचा आदर वाढला आणि लग्न जमलं. पुतणी सुखात आहे. अण्णांना मात्र त्या घरातलं एवढंच आठवतं की तसबीर भलत्याच स्टुडिओची निघाली. माझ्या मेहुणीबाई, म्हणजे आमच्या ताई, म्हणतात, "ह्यांना मेलेल्यांच्या सात पिढ्या पाठ. मी परवा तीन दिवस तापानं पडले होते, तर मला विचारतात, भाजीत मीठ कमी का?"

पण त्या फोटोंमधून, जुन्या उताऱ्यांमधून आणि लोकांच्या अर्धवट आठवणींमधून त्यांनी एका माणसाचं आयुष्य खरोखर उभं केलं, हे कबूल केलंच पाहिजे. नारोपंत पुण्यात कोणा फोटोवाल्याकडे औषधं कालवायला होते. तिथं धंदा शिकून इंदापूरला आले, पत्र्याची एक शेड घेतली, उत्तरेकडचे चार पत्रे काढून तिथं काचा बसवल्या आणि वाट बघत बसले. लोक येईनात. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तेव्हा सगळेच मानत. कचेरीतली माणसं तेवढी यायची, कारण त्यांना साहेबाला दाखवायचं असे की आपण भीत नाही. मग नारोपंत बैलगाडीत फोटोच्या काचा भरून जत्रांतून हिंडले; तेव्हा फिल्म नव्हती, फोटो काचेवरच उतरायचा. उन्हाळ्यात औषध वितळायचं म्हणून पहाटे विहिरीच्या गार पाण्यात काचा धुवायचे. असं पाच-सात वर्षं चाललं आणि प्लेगची साथ आली. आयुष्य कमी होईल म्हणून ज्यांनी फोटो काढला नव्हता ती माणसं गेली, आणि त्यांच्या मागे राहिलेले लोक त्यांचे फोटो मागायला नारोपंतांच्या दारात आले.

आता मेलेल्याचा फोटो कुठून काढणार? नारोपंतांनी तोड काढली. गेलेल्याचा भाऊ नाहीतर मुलगा आणायचा, गेलेल्याचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवायचं, आणि त्याला खुर्चीत बसवायचं. अण्णा याला 'बदली बसवणं' म्हणतात. सरकारी माणूस, दुसरा शब्द कुठून सुचणार. दोन-तीन घरांतून हे माहीत होतं आणि लोक ते न लाजता सांगत. साथीनंतर काही वर्षांत ठसा बंद होतो. नारोपंतांच्या जागेच्या जुन्या उताऱ्यावर 'वारस नाही' एवढी नोंद आहे आणि तिथं कारकीर्द संपते.

अण्णांनी या सगळ्याचं पुस्तक लिहिलं. दोनशे पानं, एकही 'सुमारे' नसलेली. पण छापायला देईनात, कारण पहिलं पान कोरं होतं. ज्यानं दोन तालुक्यांचे चेहरे राखले, त्याचा स्वतःचा चेहरा कुठंच नव्हता. मी म्हणालो, खुर्चीचा फोटो छापा. तर महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. बायकोशी अबोला धरतात तसा धरला, आणि मग पुन्हा गाडी हवी म्हणून सोडला.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यांचा फोन आला. "ये." गेलो. टेबलावर चार घरांतल्या चार पूर्वजांच्या फोटोंच्या नकला ओळीनं मांडलेल्या. एकाच्या मिश्या वर, एकाच्या खाली, एकाला दाढी, एक खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला मेंढपाळ. अण्णांनी भिंग माझ्या हातात दिलं. "बोटं बघ." चौघांच्याही उजव्या हाताची पहिली तीन बोटं टोकांना काळी होती. आणि मग चौघांचे डोळे बघितले, कान बघितले. माणूस एकच होता. फोटोच्या कामात चांदीचं औषध असायचं, त्यानं बोटं काळी पडायची आणि धुऊन जायची नाहीत. शेतकऱ्याची बोटं अशी काळी कशाला होतील? ज्या घरात साथीनं सगळेच कर्ते पुरुष नेले, भाऊ नाही, मुलगा अजून रांगतोय, तिथं बदली बसायला कोणी उरलं नव्हतं. तिथं नारोपंत स्वतः बसले होते. गेलेल्या माणसासारख्या मिश्या चिकटवून, त्याचं पागोटं घालून. "फक्त एक अडचण आहे," अण्णा म्हणाले. "हे खुर्चीत, तर कॅमेऱ्याचं झाकण काढून फोटो घेतला कोणी? शेडमध्ये दुसरा माणूस नव्हता."

चेहरा सापडला आणि अण्णांची झोप उडाली. चारांतले तीन फोटो विरलेले. छापण्याजोगा एकच, मेंढपाळाचा. त्याची मूळ तसबीर लोणी देवकरच्या पुढं एका वस्तीवर होती. त्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि डाळिंब. घरातल्या नव्वदीकडे झुकलेल्या आजी रोज त्या फोटोला गंध लावतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. ताई म्हणाल्या, "त्या बाईनं जन्मभर ज्यांना हात जोडले, ते तुमचे नव्हेतच म्हणून सांगायला जाणार? काही जनाची नाही, निदान मनाची तरी?" मीही तेच म्हणालो. अण्णा जेवताना भाताकडे बघत राहिले. "न सांगता छापायचा म्हणजे चोरी," ते म्हणाले. "आणि छापायचा नाही, तर तो माणूस पुन्हा मेला." मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी दया आली, की मी गाडीची किल्ली घेतली.

"बसा पाव्हनं," आजी म्हणाल्या. नातू कारखान्यातून रात्रपाळी करून नुकताच आला होता, तो पाणी घेऊन आला. अण्णांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. "मावशी, हा फोटो तुमच्या थोरल्या आबांचा नाही. ते साथीत गेल्यावर काढलाय. फोटो काढणाराच त्यांच्या वेशात बसलाय. ही त्याची बोटं." मी पंख्याकडे बघत होतो. नातू चिडला. "म्हंजी आमी इतकी वर्सं दुसऱ्याच मान्साला हार घालतोय व्हय?"

आजींनी हातानंच त्याला गप केलं. चष्मा शोधला, लावला, भिंतीशी गेल्या आणि बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिल्या. मग तशाच पाठमोऱ्या बोलल्या.

"आमची आजेसासू हितंच बसायची, ह्या फोटूखाली. येईल त्येला सांगायची, माझ्या धन्याचा फोटू म्या काडलाय. कोकरू दिलं, झाकन काडलं, धा आकडं म्हनलं, झाकन लावलं. आमी सुना पदर तोंडाला लावून हसायचो. म्हातारीला भरम झालाय म्हनायचो. म्या इचारायची, मंग धनी काय म्हनलं तवा? तर गप बसायची."

अण्णा उभे राहिले होते.

"तिला ठावं व्हतं म्हंजी," आजी म्हणाल्या. "तिनं लावलाय त्यो फोटू. म्या काडनारी कोन? तुमी छापा." मग वळून खुर्चीत टेकल्या. "नाव काय म्हनला त्येंचं?"

"नारोपंत पोतदार."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

आजींनी मान हलवली आणि नातवाला चहा ठेवायला सांगितला. परतीच्या वाटेवर लोणी देवकर मागे पडलं तेव्हा मी बघितलं, तर अण्णा डोळे मिटून बसले होते आणि गाल ओले होते. मी रेडिओ लावला नाही.

पुस्तक श्रावणात छापून आलं. पितृपंधरवड्यात एका सकाळी मी अण्णांकडे पेपर वाचत बसलो होतो तेव्हा आजींच्या नातवाचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असतो, त्यामुळं मलाही सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "आज्जी म्हनती, औंदा दोन पानं वाढायची. एक थोरल्या आबांचं, एक त्या पोतदारांचं. त्येंला काय आवडायचं, इचार म्हनती."

अण्णांच्या दोनशे पानांत नारोपंत काय खात यावर एक ओळ नाही. कुठल्या कागदात असणार? मी पेपर खाली केला. अण्णा फोन कानाशी धरून खिडकीबाहेर बघत राहिले. पलीकडून नातवानं दोनदा "हॅलो" म्हटलं.

"गव्हल्यांची खीर," अण्णा म्हणाले. "गुळातली. वेलदोडा नको म्हणावं, वेलदोडा त्यांना चालत नसे. आणि भेंडीची भाजी, कोरडी."

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. गुळातली खीर आणि कोरडी भेंडी कोणाला लागते, वेलदोडा कोणाला चालत नाही, हे पन्नास वर्षं रांधणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी अण्णांकडे बघितलं, पदरानं हात पुसले आणि आत गेल्या.