तुटला का?

टावर चौकात मी पोहे खायला थांबतो, तिथल्या बाकावर एक काका रोज सकाळी दिसतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर जुनी लग्नपत्रिका आणि तिच्या कोऱ्या पाठीवर भागाकार. भागायचा आकडा एकच, वीस अंकी. त्याला ते एकेका मूळ संख्येने भागत जातात. बाकी उरली की नऊचा ताळा करून पडताळतात आणि मगच जिलबीचा तुकडा तोंडात टाकतात.

या हिंदी मुलखात माझं मराठी ऐकून त्यांनीच ओळख काढली. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघरात फार लुडबुड करायला लागले, म्हणून गणित शिकवणाऱ्या बायकोने मनाला येतील ते अंक सांगून हा आकडा दिला होता. म्हणाली, "जा, हा तुटतो का बघा."

मला राहवलं नाही. मी तो आकडा मोबाइलमध्ये घातला. क्षणात उत्तर आलं. दोनच अवयव, दोन्ही मूळ, दोन्ही दहा अंकी. हाताने भागत तिथवर पोचायला एक जन्म पुरला नसता.

"काका, निकल आया!" मी ओरडलोच.

त्यांनी झटकन माझ्या मोबाइलवर हात ठेवला.

"बिल्कुल सांगू नका हो. तिला लकवा मारलाय. आता दिवसभरात एकच शब्द बोलते. मी घरात पाऊल टाकलं की विचारते, तुटला?"

मी मोबाइल खिशात टाकला.

हल्ली पोह्यांची प्लेट घेऊन शेजारी बसताना मीच विचारतो, "काय काका, तुटला का?"

"कुठे हो!" ते म्हणतात, आणि मला हायसं वाटतं.