ड्राफ्ट गेला

माझ्या काकीचा उजवा हात मोडला तो म्हशाची जत्रा भरायच्या आधीच्या सोमवारी, सकाळी, पहिली एसटी शेणव्याकडे निघून गेल्यावर. विहिरीवर. मारणारे तिघे होते. चौथा, म्हणजे हातभट्टीचा मालक, विहिरीच्या काठावर बसून दातण करत होता. पाणी खेचायच्या पंपाचा लोखंडी पाइप वापरला. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याच हाताने काकी मुसळ उचलायची आणि त्याच हाताने, साक्षरता वर्गात एक अख्खा उन्हाळा घालवून, सही करायला शिकली होती.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मला कॉम्प्युटरचं सांगायचं आहे आणि ते ऐकताना लोक हसतात. हसा. फक्त हात लक्षात ठेवून हसा.

आमचा पाडा शेणव्यापासून पायी तासाभराचा. मागे ओढा, ओढ्याच्या वळणावर भट्टी. काळा गूळ, नवसागर, कुजणाऱ्या रसायनाचे ड्रम. तयार झालेली दारू ट्रकच्या ट्यूबांमध्ये भरून जायची, शहापूरकडे, मुरबाडकडे, आणि जत्रेच्या दिवसांत म्हशाला. मी तेव्हा बारावी होऊन घरी बसलेला, एका छोट्या संघटनेची पत्रकं लिहिणारा. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मी जेवढ्या वेळा लिहिले तेवढे नोकरीचे अर्ज लिहिले असते तर आई खूश झाली असती.

काका भट्टीचं जुनं गिऱ्हाईक. डोळे होते तोवर काकीला बघून मारायचा. एका होळीला कसलीतरी जहाल दारू प्यायला, दोन दिवस ओकला, आणि उठला तो आंधळा. आम्हाला वाटलं, बाई सुटली. काकाने महिन्याभरात आवाजावर मारायचं शिकून घेतलं. बांगडी वाजली की त्या दिशेने काठी. एकदा कानशिलावर बसली, तेव्हापासून तिला त्या कानाने कमी ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी काकीने उंबऱ्यावर बसून हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या.

"नवरा जिता असताना गो?" शेजारच्या बायका म्हणाल्या.

"तो जिता हाय म्हणूनच," काकी म्हणाली.

भट्टी फोडायचं तिनेच काढलं. दहा-बारा बायका भर दुपारी ओढ्यात उतरल्या. मी मागे होतो, घोषणा द्यायला. घोषणेची कोणाला गरजच पडली नाही. काकीने पहिल्या ड्रमवर मुसळ घातलं तेव्हा पत्रा आतपर्यंत दबला, दुसऱ्या घावाला फाटला आणि रसायन तिच्या अंगावर आलं. भट्टीवरचा माणूस पळताना चुलाण्यावर पडला, त्याचा तळवा भाजला, तो ओरडत होता आणि एकही बाई थांबली नाही. मला ते बघून आनंद झाला होता. खोटं कशाला लिहू.

मग आम्ही पोलीस चौकीत अर्ज दिला. मी लिहिला, काकीने सही केली. चार दिवसांनी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर, मी आणि काकी समोर उभे असताना, भट्टीवाल्याने तो अर्ज शर्टाच्या खिशातून काढला. आमचाच. झेरॉक्स नव्हे, काकीच्या निळ्या शाईच्या सहीचा. चौकीतून थेट त्याच्याकडे गेला होता. त्याने तो टपरीवर मोठ्याने वाचला.

"'गोरगरीब जनतेच्या जिवाशी चाललेला खेळ.' पोरा, हे कुठनं सुचतं रे तुला? अक्षर पण मोत्यावानी हाय."

लोक हसले. मग तो काकीकडे वळला, आणि हसू बंद करून म्हणाला, "जत्रेच्या आधी पुन्यांदा मुसळ उचललंस, तर तो हात मी घेऊन जाईन. सही डाव्यानं कर मंग."

तेव्हापासून आम्हाला एकच काम होतं. जत्रेच्या आधी चौकीच्या वरचं कोणीतरी माणूस पाड्यात आणायचं. काकी मुसळ खाली ठेवणार नव्हती; माणूस नाही आणलं तर हात जाणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्याच आठवड्यात शहापूरला बायकांचा मेळावा होता. तिथे जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ठाण्याहून आलेल्या एका पोलीस अधिकारी बाईंना काकीने व्यासपीठाच्या पायरीवर गाठलं. त्यांनी उभ्याउभ्या ऐकलं, अर्ज कुठे पोचला तेही ऐकलं, आणि आपल्या कार्डाच्या मागे इंग्रजीत एक ओळ लिहून दिली. "अर्ज खाली देऊ नका, खालून वर काही येत नाही. या पत्त्यावर मेल करा. मी रोज सकाळी स्वतः बघते."

"मेल म्हंजे?" बाहेर आल्यावर काकीने विचारलं. "कसाऱ्यावरनं जाते ती गाडी?"

"ती नाय. कॉम्प्युटरवरनं पत्र जातं."

"तुला येतं?"

"येतं," मी म्हणालो.

येत नव्हतं. कॉम्प्युटरच्या क्लासला मी दीड महिना गेलो होतो. तिथल्या सरांनी एकच वाक्य डोक्यात ठोकून बसवलं होतं: जे केलंत ते सेव्ह करा, सेव्ह नाही केलं तर गेलं. लाइट कधीही जायची, त्यामुळे ते खरंही होतं. पण इंटरनेट मी पाहिलेलं नव्हतं.

शहापूरच्या बाजारात चपलांच्या दुकानावर सायबर कॅफे होता. प्लायवूडची तीन खुराडी, एकच फोनलाइन. कोणाचा फोन आला की नेट तुटायचं. चालवणारा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. काकी स्वतः आली होती. तिचा अर्ज, तिचा हात, ती घरी बसणार नव्हती. मांडीवर पिशवी घेऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली.

कॅफेवाल्याने माझ्या नावाचं खातं उघडून दिलं. मी निवडलेलं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं, म्हणून नावापुढे आकडे लावले. मग पासवर्ड. मी एकेक अक्षर शोधून दाबत होतो आणि चौकटीत नुसत्या फुल्या उमटत होत्या.

काकीने मान पुढे काढली. "शिवी लिवलीस?"

"नाय गो. तो पासवर्ड. दुसऱ्यानं वाचू नये म्हणून फुल्या."

"हे बरं हाय. चौकीतल्या अर्जावर पन अशाच टाकायच्या व्हत्या."

कॅफेवाला हसला. त्याने दाखवलं ते असं: इथे पत्ता, इथे विषय, खाली पांढऱ्या जागेत मजकूर. पत्त्यातला तो गोल ए दोन बोटांनी दाबायचा. एवढं सांगून तो चहाला खाली गेला. जाताना म्हणाला, "अडलं तर हाक मार." मी मान हलवली. हाक मारायची नाही हे तेव्हाच ठरलं होतं. पत्रकं लिहिणारा मी, एका चहा पिणाऱ्या माणसाला काय विचारू.

मराठी अक्षरं तिथे नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. माझी सगळी भाषा गळून पडली. 'जनतेच्या जिवाशी खेळ' टाइप करायला दहा मिनिटं लागली, मग मी तो खोडलाच. शेवटी आठ ओळी उरल्या. भट्टी कुठे आहे, अर्ज कोणाच्या खिशात गेला, कोणी काय धमकी दिली, जत्रेच्या आत या. मी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पत्रक असेल. काकीला वाचून दाखवलं.

"सही कुठं करू?" तिने पिशवीतून पेन काढलं होतं.

"मेलला सही नसते."

"बिनसहीचा अर्ज? तो कोन मानील?" तिचा चेहरा पडला. "साधं पत्र झालं ते. साधी पत्रं वाटेतच जातात. कायतरी पक्कं कर, बाबा."

मजकुराच्या खाली बटणं होती. एकावर सेंड. म्हणजे नुसतं पाठव, पोस्टाच्या लाल डब्यात टाकावं तसं. त्याच्या शेजारी दुसरं होतं. सेव्ह अ‍ॅज ड्राफ्ट.

आता तुम्ही हसणार. पण आमच्याकडे ड्राफ्ट म्हणजे काय ते आधी ऐका. नोकरीचा अर्ज केलेलं प्रत्येक पोर बँकेच्या रांगेत उभं राहून फीच्या पैशांचा ड्राफ्ट काढतं. ड्राफ्ट ज्याच्या नावाचा त्यालाच मिळतो, मधल्या कोणाला तो वटवता येत नाही. ड्राफ्ट निघाला म्हणजे काम पक्कं. त्यात ते सेव्ह. सरांचं वाक्य. दोन्ही एकाच बटणावर.

"काकी, हे बघ, ड्राफ्टनं जातं. बाईंच्या नावानं. चौकीवाला खिशात घालू शकत नाय."

"मंग तोच काढ," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, तुमचा संदेश सेव्ह झाला आहे. मी ती मोठ्याने वाचली. काकीने पेन पिशवीत ठेवलं.

पाड्यात आम्ही ड्राफ्ट गेला असं सांगितलं. मी फाट्यावरही सांगितलं, मुद्दाम, टपरीवर. चार दिवसांनी भट्टी पुन्हा लागली, जत्रेचा माल काढायला. बायका बिचकल्या. काकी म्हणाली, "ठान्याला ड्राफ्ट गेलाय. आज नाय तर उद्या गाडी येल." तिच्या शब्दावर बायका उतरल्या, आणि तिचा शब्द माझ्या बटणावर उभा होता. त्या दिवशी सगळे ड्रम फुटले. भट्टीवाला टेकाडावर मोटारसायकल लावून बघत होता. काकीने त्याला खालून ओरडून सांगितलं, "ये की. ड्राफ्ट गेलाय तुझा."

तो आला नाही. सोमवारी सकाळी आला.

मी तेव्हा फाट्यावर होतो. अधिकारी बाईंची गाडी आली तर रस्ता दाखवायला. चार दिवस रोज सकाळी तिथे उभा राहत होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. विहिरीवर काय झालं ते मला बायकांनी सांगितलं. दोघांनी तिला हौदाच्या कठड्यावर दाबून धरलं, हात लांब ओढला, तिसऱ्याने पाइप मारला. पहिल्या घावाला ती ओरडली नाही, म्हणून त्याला वाटलं लागलं नाही, त्याने दुसरा मारला. भट्टीवाला चूळ भरून म्हणाला, "कुठंय तुझा ड्राफ्ट?" घरात काका ओरडत होता, कोण हाय, कोण मारतंय. आयुष्यभर मारणाऱ्या माणसाला तेवढं विचारायचं होतं.

तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालायच्या आधी हाड बसवलं तेव्हा ती ओरडली. तो आवाज कानात घेऊन मी कॅफेत गेलो. मला त्या बाईंना शिव्या लिहायच्या होत्या. फुल्यांत नाही, उघड.

"उत्तर आलं नाय," मी कॅफेवाल्याला म्हणालो. "नऊ दिवस झाले. सगळे विकले गेलेत."

त्याने खातं उघडलं. पाठवलेल्या पत्रांच्या खान्यावर टिचकी मारली. रिकामा. मग ड्राफ्टवर. तिथे एक. माझ्या आठ ओळी.

"हे तू पाठवलंच नाहीस."

"ड्राफ्टनं पाठवलंय."

"अरे, ड्राफ्ट म्हणजे कच्चं. अर्धवट लिहून ठेवलेलं. ते तुझ्याकडेच राहतं." आणि तो हसला. त्याला विहिरीचं काही माहीत नव्हतं.

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. खुर्चीसकट तो प्लायवूडवर आदळला. नाकातून रक्त यायला लागलं. मी दुसऱ्यांदा हात उचलला आणि तोंडातून निघून गेलं की काकीचा हात मोडला, ड्राफ्टमुळे. तो खालीच बसून राहिला. मग शर्टाच्या बाहीने नाक दाबून उठला, माऊस माझ्या हातात दिला आणि सेंडवर बोट ठेवलं. पडद्यावर त्याच्या रक्ताचा ठिपका पडला.

"इथे दाब," तो म्हणाला.

दाबलं.

बाईंची गाडी तिसऱ्या दिवशी आली. त्या खरंच रोज सकाळी मेल बघत होत्या. मारणारे तिघे उचलले, दुपारी भट्टीवालाही. अर्ज त्याच्या खिशातच सापडला. पंचनाम्याचा कागद काकीपुढे ठेवला तेव्हा तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला. हाड पुढे वाकडंच जुळलं. पेन धरता येतं, वळवता येत नाही. ती सही परत आली नाही.

खरं काय ते मी तिला शिमग्यापर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती भात कांडत होती, डाव्या हाताने. मुसळ ठेवलं आणि त्याच डाव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. मग म्हणाली, "कच्चा व्हता तर कच्चा सांगायचा. येत नाय म्हनाला असतास, तर मी खाली जाऊन त्या पोराला हाक मारली असती."

त्यानंतर मी बऱ्याच गावांत पोरांना मेल शिकवला. पहिलं बटण सेंड, बाकी सगळं नंतर. आणि संघटनेच्या कामात बऱ्याच शिकलेल्या लोकांच्या कॉम्प्युटरवर बसलो. त्यांच्या ड्राफ्टमध्ये तक्रारी आहेत. शेजारच्या घरातून रोज मारल्याचा आवाज येतो, अशी सुरुवात करून सोडलेल्या. वरिष्ठाविरुद्ध, दवाखान्याविरुद्ध, स्वतःच्या भावाविरुद्ध. चांगल्या मराठीत, मुद्देसूद. विचारलं की म्हणतात, बघू, जरा थंड डोक्याने वाचून पाठवतो.

मला बटण माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे.

हे वाचून झालं की कॉम्प्युटरपुढे बसा. ड्राफ्ट उघडा. ज्या पत्रात हात अजून शाबूत असलेल्या कोणाचं नाव असेल, ते शोधा, शुद्धलेखन तपासत बसू नका, आणि पाठवा.